उपकरणांची गरज : शून्य

"तुमच्या त्या शून्यवाल्या टॉवरच्या बॅटऱ्या दर पंधरवड्याला कशा हो उतरतात?" स्टोअरवाल्या काकांनी वही तिच्या टेबलावर आपटली नाही, अलगद ठेवली. तेच जास्त लागलं. "दिवसभर वाऱ्याशी गप्पा मारतो की काय तो?"

तिने वही पाहिली. डोंगरावरचा टॉवर, तीन महिन्यांत सहा वेळा बॅटऱ्या. मग आपला तक्ता उघडला. येत्या पाच वर्षांत कुठल्या टॉवरला किती अँटेना, किती केबल, किती बॅटऱ्या लागतील ते आधीच सांगणं हे तिचं काम. ऑफिसात तिला ज्योतिषीणबाई म्हणत. त्या डोंगरावरून तीन महिन्यांत एकही फोन झाल्याची नोंद नव्हती, म्हणून तिने लिहून दिलं होतं: वापर शून्य. उपकरणांची गरज शून्य. टॉवर उतरवावा.

साठ घरांचं गाव तीन महिने मुकाट बसलं? तिची एकटी नणंद कधी आठवडाभर गप्प बसली नव्हती.

"काका, फोन होतायत," ती म्हणाली. "फोन मोजणारं कार्ड जळलंय. मी जळक्या कार्डाला विचारून गावाचं भविष्य लिहिलं."

"मग फाडा कागद. त्यात काय एवढं?"

"रिगर सकाळीच निघालाय. टॉवर उतरवायला."

काका समोरच्या खुर्चीत बसले.

एकदा उतरवलेला टॉवर परत उभा राहायला पाच वर्षं लागतात. जागा, मंजुऱ्या, लोखंड. हा आकडाही तिचाच, आणि तो मात्र बरोबर होता. त्या डोंगरावर दुसऱ्या कुठल्या टॉवरची रेंज पोचत नव्हती. म्हणजे पाच वर्षं त्या साठ घरांत कुणी पडलं, कुणाची छाती दुखली, तर हाक मारायला फक्त घसा.

तिने रिगरला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

"रस्त्यात असेल," काका म्हणाले.

"नाहीतर पोचून स्विच ओढून मोकळा झाला असेल. वर गेल्यावर त्याच्या फोनलाही तोच टॉवर."

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा.

ती लावत राहिली. तेच वाक्य, तोच गोड आवाज. साहेब दारातून डोकावून गेले. तिने मान वर केली नाही. सव्वा अकराला आवाज तोच, पण वाक्य बदललं. या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.

हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. पुन्हा लावून पुन्हा ऐकलं. मग स्पीकरवर टाकून काकांना ऐकवलं.

"व्यस्त," काका म्हणाले. "म्हणजे आहे."

"आहे. तिथे एका वेळी आठच जण बोलू शकतात. आठही बोलतायत."

"आत्ता आहे," काका म्हणाले. स्टोअर सांभाळून सांभाळून त्यांना कुठल्याही गोष्टीचा तळ आधी दिसे.

सव्वा बाराला रिगरचाच फोन आला.

"मॅडम, उशीर होतोय, रागावू नका. तासभर झाला, नुसता खाली बसून आहे. ही लाइनसुद्धा एका आजींनी माझ्यासाठी सोडली. दोन मिनिटं दिलीत."

"दादा, टॉवर..."

"ऐका तर. टॉवर उतरवायला आलोय म्हणून याच आजींना बोललो, तीच चूक झाली. सगळं गाव फोन घेऊन चढावर आलं. जो तो सोयऱ्याधायऱ्यांना सांगतोय, उद्यापासून लागायचा नाही, काय ते आत्ताच बोलून घ्या. आता दिवा पेटलेला असताना मी स्विच कसा ओढू?"

ती रीत तिला माहीत होती. कुठल्या नियमावलीत नव्हती. जुन्या रिगरांनी नव्यांना तोंडी दिलेली. कुणी बोलत असलं की टॉवरखालच्या कपाटात हिरवा दिवा पेटतो. आठही दिवे विझेपर्यंत थांबायचं. कुणाचं बोलणं मध्येच तोडायचं नाही. एरवी दहा मिनिटं पुरतात.

"एक विझला की दुसरा पेटतोय," रिगर म्हणाला. "एक आजोबा तर भावाशी बारा वर्षांनी बोलतायत. पाऊण तास झाला. पहिली पाच मिनिटं दोघं नुसते खोकले, आता कुठे गुडघेदुखीवर आलेत. मूळ भांडण अजून लांब आहे."

"दादा, स्विचला हात लावू नका. टॉवर राहतोय. चूक माझी आहे, तिथलं फोन मोजणारं कार्ड जळलंय, ते काढून आणा."

पलीकडे गावाची कलकल चालूच होती.

"नक्की ना? नाहीतर परत हेलपाटा."

"नक्की. लेखी पाठवते. साहेबांना मी सांगते."

"सुटलो बुवा," रिगर म्हणाला. "आजी मघापासून माझ्याकडे अशा बघतायत, जसा काही त्यांचा हंडा उचलून चाललोय."

तिने सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. काकांनी आपली वही हळूच ओढून घेतली आणि उगाच पुसली.

"सगळ्यांना सांगा," ती म्हणाली, "घाई नाही. सावकाश बोला म्हणावं."

"बाकीच्यांना सांगतो. आजोबांना एवढ्यात नाही." रिगरने आवाज खाली आणला. "उद्याही फोन लागणार आहे म्हटलं, तर ते आज ठेवून देतील."