रेषा सोडलेलं विमान

"विमान पार्किंगच्या रेषेवरून बाजूला कसं न्यायचं?" श्वेताने चॅटबॉटला विचारलं.

"रेषेवर कसं आणायचं, असं विचारायचं आहे का?" उत्तर आलं.

"नाही. वाकडंच आणायचंय. समोर उभ्या माणसाला बघवणार नाही इतकं वाकडं."

मरोळच्या त्या खोलीतला हा तिसरा रविवार. विमान उडवायचं सॉफ्टवेअर तिने कॉम्प्युटरवर बसवलं होतं ते वडिलांसाठी. बाळा सावंत एकतीस वर्षं विमानतळावर विमानं जागेवर लावायचे. दोन्ही हातांत दिव्याचे दांडे घेऊन समोर उभं राहायचं आणि वैमानिकाला खुणा करायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त झाले, अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. "हलवला नाहीत तर खांदा कायमचा आखडेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ऑफिसातून आल्यावर श्वेता रोज म्हणायची, "बाबा, हात वर." ते रोज म्हणायचे, "उद्या गो." सहा महिने झाले. दोघंही दमली होती.

पहिल्या रविवारी त्यांनी स्क्रीनकडे धड पाहिलंही नाही. "मला काय आता पायलट करतेस?"

दुसऱ्या रविवारी तिने चॅटबॉटला विचारून विचारून कॅमेरा विमानातून बाहेर काढला. जमिनीवर, विमानाच्या नाकासमोर ठेवला. बाबा उभे राहायचे तिथेच. विमान सरळ आलं, नेमक्या जागी थांबलं. बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आलं. माझं काय काम?"

ते वाक्य आठवडाभर तिच्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून आजचा प्रश्न.

"पुढचं चाक रेषेच्या उजवीकडे ठेवा आणि वेग कमी करू नका," चॅटबॉटने लिहिलं. "पण शेजारी शिडीची गाडी उभी असेल तर पंख तिला लागेल. हे मुद्दाम करायचं आहे का?"

"हो," श्वेताने लिहिलं.

विमान निघालं. खुर्चीत बाबांना डुलकी लागली होती. इंजिनाचा आवाज वाढला तसा त्यांनी एक डोळा उघडला.

"अगो, रेषा बघ."

"बघतेय."

"डोंबल बघतेयस! तुझ्या डावीकडे घे. तिथे गाडी उभी आहे."

श्वेताने वेग तसाच ठेवला. बाबा खुर्चीत पुढे सरकले. डावा हात ताडकन वर गेला. "थांबव! थांबव गो!"

"एका हाताने कुठला पायलट थांबतो, बाबा? तुम्हीच सांगायचात ना? थांब म्हणायला दोन्ही हात डोक्यावर, कातरीसारखे."

"मस्करी नको करू! माणसं असतात त्या गाडीवर!"

पंख गाडीपासून हातभर अंतरावर आला. ब्रेकच्या बटणावर श्वेताचं बोट होतं, पण तिने ते दाबलं नाही. ती स्क्रीनकडे बघतच नव्हती. मांडीवरून सुटलेला बाबांचा उजवा हात खांद्यापर्यंत आला होता, आणि तिला तो डोक्यावर हवा होता.