घोडी पुढं, मेंढरं मागं

माळावरून घोडी उतरत होती आणि त्यांच्यावर माणसं बसलेली होती. एवढं दिसलं आणि वनिता हातातलं खुरपं टाकून घरात पळाली. दार लावलं, कडी घातली, तरी जीव थाऱ्यावर येईना.

भर दुपार, शेतातलं एकटं घर. नवरा, जीवन, नांदूरघाटच्या बाजाराला गेलेला. आणि गेले काही दिवस जो तो मोबाइलवर एकच व्हिडिओ बघत होता. लांब केसांचे घोडेस्वार भाले घेऊन वस्तीवर तुटून पडतात, जनावरं हाकून नेतात, एका बाईला घोड्यावर आडवी टाकून पळवतात. खाली लिहिलेलं, 'केज तालुक्यात घोड्यांवरचे दरोडेखोर. सावध राहा.' खरं तर तो दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा सिनेमाचा तुकडा होता. जमिनी बळकावून बसलेल्या गोऱ्यांवर तिथल्या आदिवासींनी घातलेली ती धाड. त्यात घोड्यांच्या पोटाला लागेल एवढं हिरवं गवत होतं. केज तालुक्यात असलं गवत कुठं उगवतं, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही.

वनितालाही नाही. तिच्या डोळ्यांपुढं ती आडवी टाकलेली बाईच होती. तिनं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलून मेसेज टाकला, "घोडेवाले आलेत. मी एकटीच हाय. लवकर या." मग जीवनला फोन लावला.

जीवन चक्क हसला. मेंढरं रानात बसवायला त्यानंच धनगरांना सांगून ठेवलं होतं, रानाला आयतं खत होईल म्हणून. त्यांची रीतच तशी. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढं येतात आणि चूल मांडतात, गडी मेंढरं चारत मागून येतात. सकाळी सांगायचं राहून गेलं, म्हणाला. बायकोला सांगायचं त्याचं नेहमीच राहून जायचं.

वनितानं खिडकीतून नीट पाहिलं. घोड्यांवर माणसं नव्हतीच. वाकळांची बोचकी होती, भांडी होती, कोंबड्यांचं खुराडं होतं. लांबून त्या बोचक्यांनाच तिनं दरोडेखोर केलं होतं. दोर धरून दोघी चालत होत्या, म्हातारी मंजुळाबाई आणि पाठीशी तान्हं बांधलेली तिची सून. वनितानं दार उघडून पाणी दिलं. लाजेनं तिला वर बघवेना.

मग ग्रुपची आठवण झाली आणि तिनं घाईनं मोबाइल उघडला. दरोडेखोरांच्या भीतीनं गावात गस्त घालणाऱ्या पोरांचा म्होरक्या बंकट 'आलोच' म्हणून निघालासुद्धा होता. येऊ नका, आपलीच माणसं आहेत, असं तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं, पण ते कुणी ऐकलंच नव्हतं. बंकटला फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. गाडी चालवणाऱ्याला खिशातला फोन कुठला ऐकू येतोय.

तेवढ्यात पाणंदीतून मोटारसायकली आल्याच. घोड्यांनी उडवली नव्हती एवढी धूळ त्यांनी उडवली. तोंडं रुमालांनी बांधलेली, हातात काठ्या, एकदोघांकडं ऊसतोडीचे कोयते. वनितानं दोघींना आत ओढलं आणि कडी घातली. ओळखीच्या पोरांची तिला एवढी भीती कधी वाटली नव्हती. बाहेर घोडं खिंकाळलं, भांडी खडखडत खाली आली, खुराडं फुटून कोंबड्या ओरडायला लागल्या. सुनेनं पोराला छातीशी घट्ट दाबलं.

"बंकटभाऊ," वनिता खिडकीतून ओरडली, "मेंढरावाल्या बाया हायत ह्या. आमच्याच रानात बसायला आल्यात. माघारी जावा."

बंकटनं तिच्याकडं पाहिलं आणि मागच्यांना सांगितलं, "आतून धमकी देऊन वदवून घ्यायलेत तिच्याकडून. दार फोडा बे."

पहिली लाथ बसली. भिंतीवरची माती गळाली. आता आपण बाहेर गेल्याशिवाय हे थांबायचं नाही, वनिताला कळून चुकलं. ती दाराशी गेली आणि कडीला हात घातला.

मंजुळाबाईनं तिचं मनगट धरलं.

"तुज्याच गावची व्हय गं ही पोरं?"

वनितानं मान डोलावली. मीच बोलावलंय यांना, हे सांगायचं मात्र तिनं टाळलं. म्हातारी तिच्या तोंडाकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत नुसती कीव होती.

"मग तू हितं एकटी कशी गं ऱ्हातीस?"