शनिवारचं तेल

वैजयंतीनं गाडीखालचा बोल्ट सोडला, काळं तेल धार धरून घमेल्यात पडायला लागलं, आणि नेमकी तेव्हाच तिच्या सासूची, शांतम्मांची नजर पायरीवरच्या नव्या कॅनवर गेली.

"हे कवा आणलंस?"

"सकाळीच, आत्या. चौकातनं." आवाज गाडीखालून आला.

"आज वार कोणता?"

वार शनिवार. शनिवारी तेल विकत घेऊन घरात आणलं की साडेसाती मागोमाग चालत येते, हे वालूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि ही शिकलेली बाई चांगला चार लिटरचा कॅन घेऊन आलेली!

"अवो, ते खायच्या तेलाचं असतंय. हे ऑइल हाय."

"ऑइल म्हंजे काय पाणी हाय का?"

समोरच्या ओट्यावर शेजारचे व्यंकटराव हसले. सकाळपासून पानाचा डबा घेऊन ते तिथंच ठाण मांडून होते.

"वैनी, मी कवाचा सांगायलोय, मिस्तरीला बोलवा. तीन ट्रॅक्टरची इंजिनं बसलेली बघितलीत मी या डोळ्यानं. आता तर वार बी शनीचा निघाला."

उंटावरून शेळ्या हाकण्यात व्यंकटरावांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. पण शांतम्मांनी कॅनवर हात ठेवला. पुण्याहून त्यांच्या लेकानं, शंभुराजनं, फोनवर बायकोला सुनावलेलं त्यांच्या कानावर पडलं होतं. "लावतीस तर लाव हात. पण इंजिन बसलं, तर पुन्हा स्टेअरिंगचं नाव काढायचं न्हाई." वैजयंती सेलूच्या दवाखान्यात नर्स. तिच्या पगारातून घेतलेली ही जुनी गाडी ती रोज स्वतः चालवत न्यायची. आता जुनं तेल सगळं घमेल्यात, आणि नवं पायरीवर अडलेलं.

वैजयंती सरपटत बाहेर आली. पुढची चाकं दोन जाड फळ्यांवर चढवलेली, मागच्या चाकांना दगड लावलेले. तिच्या कपाळावर काळा पट्टा ओढलेला.

"उद्या सातला ड्यूटी हाय माझी," ती म्हणाली. "पण तुमी न्हाई म्हणलात, तर कॅन उघडणार न्हाई. तुमीच सांगा, आत्या."

शांतम्मांनी कॅनवरचा हात काढला. आजवर त्यांना कुणी 'तुमीच सांगा' म्हणालंच नव्हतं. अख्खा जन्म शेतात गेला, पण बैलाचा कासरासुद्धा कुणी कधी हातात दिला नाही. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"या गाडीला काय म्हणतात गं? कंपनीचं नाव काय?"

"मारुती."

"मग!" शांतम्मांचा आवाज असा चढला, की ओट्यावरचा पानाचा डबा हलावा. "शनिवारी मारुतीला तेल वाहायचं न्हाई, तर काय सोमवारी वाहायचं? अन् घरात कुठं आणलंय? पायरीवर तर हाय. उघड कॅन!"

व्यंकटरावांना ठसका लागला. शांतम्मांच्या गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. पण गावचा मारुती सगळ्यांचाच असतो, आणि हा तर दारातला.

वैजयंतीनं नवा फिल्टर बसवला, बोल्ट आवळला, इंजिनवर नरसाळं धरलं. कॅन मात्र शांतम्मांनीच उचलला. वाहायचं तर आपल्या हातानं. मधाच्या रंगाचं तेल सळसळत आत जायला लागलं. थोड्या वेळानं सुनेनं त्यांचं मनगट धरलं.

"बास, आत्या."

"अगं, उरलंय की अजून. देवाला वाहताना हात आखडू नये."

"देवाला माप नसतंय. इंजिनाला असतंय."

शांतम्मांनी कॅन खाली ठेवला.

वैजयंतीनं चावी फिरवली. समोरचा तेलाच्या दाबाचा लाल दिवा पेटला. व्यंकटरावांनी मान लांब केली. शांतम्मांनी डोळे मिटले, गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. इंजिन घुरघुरलं, दिवा विझला, आणि गाडी अशी एका सुरात चालायला लागली की सुनेच्या तोंडून "वा गं माझी बाई!" निघून गेलं. खाली वाकून बघितलं, तर एक थेंब गळत नव्हता.

गाडी फळ्यांवरून उतरवून सपाट जागी घेतली, बंद केली, दोघी दहा मिनिटं थांबल्या. आता माप बघायचं राहिलं होतं. वैजयंतीनं इंजिनातली मापाची काडी उपसली. ती एकदा कोरडी पुसून पुन्हा आत घालायची, तेव्हा खरं माप कळतं. पण फडकी सगळी काळी झालेली. ती इकडंतिकडं बघायला लागली.

शांतम्मांनी पदर पुढं केला.

"आत्या, इरकल हाय ही!"

"पूस म्हणलं ना."

वैजयंतीनं काडी पदराला पुसली, आत घातली, काढली. तेल बरोबर वरच्या रेघेला टेकलं होतं. ना कमी, ना जास्त. शांतम्मांनी ती काडी स्वतः डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

व्यंकटराव आता ओटा उतरून जवळ आले होते. वरून बघितलं, खालून बघितलं. नाव ठेवायला काही सापडेना, तेव्हा म्हणाले, "वैनी, लुगड्याचं मात्र वाटोळं केलं सुनंनं. हा डाग काय निघायचा न्हाई आता."

"न्हाईच निघायला पाहिजे."

शांतम्मांनी पदर खोचला नाही. डाग वर येईल असा तो खांद्यावरून पुढं घेतला, पुढचं दार उघडून सुनेच्या शेजारी ऐसपैस बसल्या आणि काच पार खाली केली.

"वैजू, चौकातनं घे गाडी," त्या म्हणाल्या. "अन् लय हळू चालव. लोकांना दिसायला पाहिजे."