चूक क्रमांक अडतीस

मार्च महिन्यातील दुसऱ्या गुरुवारी, सकाळी साडेदहा वाजता, चित्रपट-संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील खोलीत, चाळीस वर्षांपूर्वीच्या एका भयपटातील चूक क्रमांक अडतीस पडद्यावर थांबवून ठेवण्यात आली होती. नायिका आरशासमोर केस विंचरत होती. आरशात, तिच्या खांद्यामागे, चित्रीकरणाचा दिवा छातीशी धरून एक माणूस ओणवा बसला होता. चित्रपटात तो दीड सेकंद दिसे.

चुकांची यादी करणाऱ्या गृहस्थांना सगळे पाठीमागे ‘भिंग’ म्हणत. जळता जळता उंच होणारी मेणबत्ती, डाव्या गालावरून उजव्या गालावर गेलेले रक्त, मेलेल्या माळ्याची लवणारी पापणी, अशा त्रेसष्ट चुका त्यांनी डोळ्यांत तेल घालून टिपल्या होत्या. चित्रपट पुन्हा झळकणार होता; यादीत असेल ते सारे त्याआधी संगणकावर पुसले जाणार होते. सर, एखादे भूत तरी शिल्लक ठेवा, असे संगणकापाशी बसलेली मुलगी कालच म्हणाली होती. भिंगांना हसू आले नव्हते. एका चुकीला दया दाखवली की ती दहा भावंडे घेऊन येते, हे त्यांचे ठाम मत होते.

आज एक म्हाताऱ्या बाई भेटायला आल्या होत्या. आरशातला माणूस आपला नवरा, एवढे सांगून त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि याचे काय करणार म्हणून विचारू लागल्या. भिंगांना पुढचे सगळे न सांगताच उमगले. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड पाडणारा माणूस. त्याच्या वाट्याला उजेड आला तो एवढाच. प्रेक्षक त्यालाच खरे भूत समजले. सेटवर मेलेला कोणी कामगार तिथे दिसतो, अशी आवईही उठली होती. भिंगांनी त्या दिवेवाल्याला मनोमन श्रद्धांजली वाहिली, चष्मा पुसला आणि आयुष्यात प्रथमच स्वतःच्या यादीतली एक ओळ लाल रेघेने खोडली.

“राहू द्या त्यांना,” ते हलकेच म्हणाले. “मी नाही पुसणार.”

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी सांगितले ते असे : दिवा जरा डावीकडे घ्या म्हणून हुकूम आला, यांनी घेतला, आरसा पाहायचा तेवढा राहिला. पहिल्या खेळाला सगळे घर नटूनथटून गेले होते. यांनी पडद्यावर स्वतःला पाहिले आणि मध्यंतराआधीच उठले. पुढे सत्तावीस चित्रपटांना उजेड दिला, एकही पाहिला नाही.

“खाली बाकावर बसलेत,” त्या म्हणाल्या. “वर चला म्हटलं, तर म्हणतात, आधी विचारून ये.”

भिंग खुर्चीत सावरून बसले. लोकांना तो दीड सेकंद किती प्रिय आहे, खास तेवढ्यासाठी चित्रपट पाहणारे आहेत, हे त्यांनी मुद्देसूद समजावले. इतक्या हिरिरीने त्यांनी आजवर कुठल्याही चुकीची बाजू घेतली नव्हती. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“लोकांना आवडत असेल,” त्या म्हणाल्या. “पण दिवेवाला दिसला, ही चूकच. पुसा.”