डिरेक्टरीतले एर्रेरो

“एर्रेरोच ना? मग आपण एका रक्ताचे,” एलेउतेरिओ फोनवर म्हणाला. “आडनावाचा अर्थच लोहार. तुमच्याकडे कुणी लोहार होतं का हो?”

“गावोगावी लोहार होते, म्हणून गल्लोगल्ली एर्रेरो झालेत. आमच्या जिन्यातच तिघे आहेत, त्यांच्याशीच आमचं पटत नाही!” पलीकडच्या माणसाने फोन आपटला.

एलेउतेरिओने डिरेक्टरीत त्या नावावर काट मारली. स्पेनमधलं पालेन्थिया शहर ते केवढंसं, पण एर्रेरोंची पानं संपता संपत नव्हती. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आपण मेलो तर शेजाऱ्यांना वासावरूनच कळायचं, हा विचार पंचाहत्तरीच्या या माणसाला रात्री झोपू द्यायचा नाही. आपलं म्हणणारं एक माणूस हवं होतं, बस्स. फार काही मागत नव्हता तो.

चौथ्या पानावर ओब्दुलिया सापडली. साठीची, खणखणीत आवाजाची, नदीपलीकडे राहणारी. तिने फोन आपटला नाही.

“लोहार? होते की,” ती म्हणाली. “तुमचे कुठले?”

“डोंगरातले. आजोबांचा भाता होता. बैलांना नाल ठोकायचे.”

“अगं बाई! आमचेही डोंगरातलेच!”

“मग रविवारी जेवायलाच ये. चुलत बहीण लागतेस तू माझी.”

रविवारी त्याने मसूर शिजत टाकले, त्यात चोरिथो सॉसेजचे जाड तुकडे घातले, दाढी दोनदा केली. कारखान्याने निवृत्तीला दिलेलं मानपत्र भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवलं. अडीचला बेल वाजली.

ओब्दुलिया केक घेऊन आली होती. दोघं पोटभर जेवली. आजोबांचे काळेकुट्ट हात, त्यांचा तापट स्वभाव, लाथ मारणारं पाद्रीबाबांचं खेचर... एलेउतेरिओ सांगत सुटला. ती हसता हसता डोळे पुसत होती. या टेबलावर कित्येक वर्षांत कुणी दुसऱ्यांदा वाढून मागितलं नव्हतं. तिने मागितलं, तेव्हा तो उगाच पाव आणायला आत गेला.

कॉफी झाल्यावर ओब्दुलियाने कप बाजूला सारला.

“दादा, एक सांगायचंय. मी एर्रेरो नाही. फोन आधीच्या भाडेकरूच्या नावावर आहे, मी बदलून घेतलाच नाही. तुम्ही ‘एका रक्ताचे’ म्हणालात आणि मला नाही म्हणवेना. घरात दुसरा आवाज नाही हो.”

एलेउतेरिओचा चेहरा पडला. इतके फोन, इतके अपमान, आणि शेवटी सापडली तीही परकीच. त्याने कप दाणकन ठेवला.

“रक्ताचं माणूस म्हणून वाढलं मी तुला! आणि तू खुशाल माझ्या आजोबांचे किस्से ऐकत बसलीस? जनाची नाही, मनाची तरी? आमच्या घराण्यात असलं खोटं कुणी बोललं नाही!”

ओब्दुलियाने शांतपणे कोट चढवला, बटणं लावली.

“रागावू नका, दादा. पुढच्या रविवारी माझ्याकडे या जेवायला,” ती म्हणाली. “तुमचं नाव खाली टपालपेटीवर वाचूनच मी वर आले. एक्सपोसितो. अनाथालयाच्या दारात टाकलेल्या पोरांना पूर्वी हेच आडनाव द्यायचे ना?”