वजनी गट

“गोळ्या नेमक्या किती घेतल्या?” डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

वस्तादांच्या हातात वही होती. लेक पन्नास किलोच्या गटात बसावी म्हणून तिच्या पोटात गेलेला घासन् घास त्यांनी तीत लिहिला होता. सकाळी अर्धं सफरचंद, दुपारी उकडलेल्या अंड्याचं पांढरं, रात्री नुसतं गरम पाणी. अकरा दिवसांत एक ओळ चुकली नव्हती. गोळ्या तेवढ्या कुठेच नव्हत्या. गोळीला वजन ते काय असणार?

खांदा दुखावला तेव्हा पाकीट त्यांनीच आणून दिलं होतं. ताप आला, अंग दुखलं की घरोघरी घेतात ती साधी गोळी. ते स्वतः कुस्त्या मारायचे तेव्हा असली चैन नव्हती. ओठ दाबायचे, तेल चोळायचं आणि उतरायचं. लेकीला तेवढा तरी आराम, असं त्यांना वाटलं होतं.

“रोज आठ,” ते म्हणाले. “कधी दहा. पाकिटावर आठ लिहिलंय.”

“ते जेवणाऱ्या माणसासाठी असतं.”

बाईंचा आवाज चढला नाही, म्हणून वस्ताद जास्तच घाबरले. या गोळीतून थोडं विष निघतंच, बाई सांगत होत्या. एरवी यकृत ते मुकाट्यानं निस्तरतं. पण त्यासाठी लागणारा साठा अन्नातून येतो, उपाशी अंगात तो आटतो, आणि मग तेच विष यकृतावर उलटतं. रक्ताचा रिपोर्ट वाईट होता. उतारा लगेच सुरू करायचा होता. पोरगी वाचेल का, ते दोन दिवस गेल्याशिवाय सांगता येणार नव्हतं.

भल्याभल्यांना लोळवणारा माणूस भिंतीला टेकला.

नर्सबाई वजनाचा काटा घेऊन आल्या. औषध किलोवर ठरणार होतं.

ओकून ओकून पोरीत त्राण उरलं नव्हतं, तरी काटा दिसताच ती उठून बसली. केसांतली पिन काढली. कानातले काढले. चपला सारल्या. वस्ताद सावरायला पुढे झाले, तर तिनं त्यांचा हात बाजूला केला. काट्यावर चढली, छातीतला सगळा श्वास सोडला आणि पुतळ्यासारखी उभी राहिली.

“बाबा,” तिनं हळूच विचारलं, “बसले ना गटात?”