पदराआड

"टोचा बिनधास्त, सिस्टर. आपल्याला काय होत न्हाई," म्हणत हिंदुरावांनी हात पुढे केला. जन्म एसटी चालवण्यात गेला आणि आता पायाच्या हाडात जंतू शिरले होते. डॉक्टर अ‍ॅडमिट व्हा म्हणाले, तर गडी ऐकेना. घरी बायकोला, आक्काताईंना, कुणाच्या जिवावर सोडायचं? तिची स्मृती पार गेलेली. नवऱ्यालाच ती 'पाव्हणं' म्हणायची. म्हणून मार्था सिस्टर रोज अँटिबायोटिकची बाटली लावायला घरी येत.

आज हातातली सुई बदलायची होती. एकदा टोचली, शीर सापडली नाही. दुसऱ्यांदाही निसटली. हिंदुराव हसतच होते, पण कपाळावर घाम डवरला होता. सिस्टरांना स्वतःचाच राग आला.

तोच खिडकीपाशी बसलेल्या आक्काताई उठल्या. खाटेजवळ येऊन त्यांनी पदरानं हिंदुरावांचे डोळे झाकले, डोकं छातीशी धरलं आणि सिस्टरांवर डाफरल्या, "हळू टोच की गं बाई! लई भित्यात आमचं मालक सुईला. कुणाला सांगत न्हाईत."

सिस्टरांनी श्वास रोखून सुई सरकवली. या खेपेला शीर लागली. बाटलीतून थेंब गळू लागले.

"झालं हं, काका. मावशी, सोडा आता त्यांना."

"ऱ्हाऊ द्या, सिस्टर," पदराआडून हिंदुरावांचा ओला आवाज आला. "अजून दुखतंय म्हणून सांगा हिला."